तोल चालीचा आणि तोल विचाराचा
आनुवंशिक व क्षयजन्य अ‍ॅटॅक्सियातील बौद्धिक विकारांचा चिकित्सोपयोगी विचार

वातव्याधीचे रुग्ण आपल्या चिकित्सालयात नित्य येतात. पक्षाघात, अर्दित, गृध्रसी, कंपवात यांची ओळख बहुधा पहिल्या भेटीतच पटते. काही रुग्ण मात्र यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. स्नायूंत बळ असूनही त्यांना सरळ रेषेत चालता येत नाही. पाय फाकवून, झोकांड्या खात ते चालतात. उच्चार जड व तुटक होतो. पेला ओठांपर्यंत नेताना पाणी हिंदकळते. गावात त्यांच्यावर दारूचा आळ येतो, आणि ज्याने आयुष्यात थेंबही घेतला नाही त्याला तो आळ व्याधीहून अधिक बोचतो. आधुनिक वैद्यकात या लक्षणसमूहास अ‍ॅटॅक्सिया असे म्हणतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील असा रुग्ण पुष्कळदा प्रथम जवळच्या वैद्याकडे येतो, मग कऱ्हाड किंवा मिरजेच्या रुग्णालयात जातो, तेथून पुण्या-मुंबईस त्याच्या तपासण्या होतात, आणि ‘हा आजार थांबवणारे औषध नाही’ असे ऐकून तो पुन्हा आपल्याकडेच परततो. पुढील कित्येक वर्षे तो व त्याचे कुटुंब आपल्याच पाहण्यात असते. या काळात नातेवाईक हळूहळू एक दुसरी तक्रार सांगू लागतात: ‘हल्ली यांना व्यवहार उमजत नाही’, ‘दोन कामे एकदम सांगितली की गोंधळ होतो’, ‘कारण नसताना चिडतात, रडतात’. ही तक्रार वयाच्या, खचलेल्या मनाच्या किंवा हट्टी स्वभावाच्या खात्यावर टाकून आपण पुढे जातो. वस्तुतः अनेक रुग्णांत ती मूळ व्याधीचाच भाग असते. तिचे स्वरूप स्मृतिभ्रंशाहून निराळे आहे, आणि ती न ओळखल्यास आपण योजिलेली चिकित्सा रुग्णाच्या पोटात जातच नाही. हा मुद्दा वैद्यबांधवांपुढे व औषधविक्रेत्यांपुढे मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्याधिपरिचय

अ‍ॅटॅक्सिया हे लक्षण आहे. त्याची कारणे अनेक आहेत. म्हणून क्षयजन्य व्याधीचा शिक्का मारण्यापूर्वी उपचारसाध्य कारणे वगळावीत. दीर्घकालीन मद्यपान, अपस्मारासाठी दिले जाणारे फेनिटॉइन, मानसविकारासाठीचे लिथियम, ब-१२ व ई या जीवनसत्त्वांची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंदता, लहान मेंदूतील अर्बुद किंवा रक्तस्राव, ही त्यांपैकी प्रमुख होत. ई जीवनसत्त्व शरीरात टिकू न देणारा एक आनुवंशिक विकार तर बाह्यतः फ्रीड्रिक अ‍ॅटॅक्सियासारखाच दिसतो. तो वेळेवर ओळखून त्या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिल्यास त्याची वाढ रोखता येते. लक्षणे काही तासांत किंवा दिवसांत उद्भवली असतील, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात धाडावे.

ही कारणे वगळल्यावर उरतात ते क्षयजन्य प्रकार. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील निकोलाउस फ्रीड्रिक यांनी १८६३ मध्ये प्रथम वर्णिलेला अ‍ॅटॅक्सिया बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो. माता व पिता दोघेही निरोगी पण वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारात एक असते. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. दुसरा मोठा वर्ग स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सियाचा. त्यास संक्षेपाने एससीए म्हणतात आणि त्याचे चाळीसहून अधिक प्रकार क्रमांकांनी ओळखले जातात. यात माता-पित्यांपैकी एकास व्याधी असल्यास प्रत्येक अपत्यास ती होण्याची शक्यता दोनात एक असते. बहुतेक रुग्णांत आरंभ ऐन कर्त्या वयात, तिशी-चाळिशीत होतो. यांतील प्रमुख प्रकारांत जनुकातील तीन अक्षरांचा एक तुकडा वाजवीपेक्षा अधिक वेळा पुनरावृत्त झालेला असतो. एससीए-२ मध्ये ही संख्या निरोगी व्यक्तीत बहुधा २२ च्या आसपास असते. ती ३३ किंवा अधिक झाली की व्याधी संभवते. पिढीगणिक ही संख्या वाढू शकत असल्याने बापाला पन्नाशीत झालेला आजार मुलाला पंचविशीत गाठतो.

एससीए-२ च्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मोलाचे आहे. मुंबईचे ख्यातनाम मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया (१९२५–२०१६) यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या रुग्णांत तोल जाण्याबरोबरच डोळ्यांची जलद हालचाल विलक्षण मंद झालेली त्यांना आढळली. जनुकांचा शोध लागण्याच्या पंचवीस वर्षे आधी, केवळ दर्शन व प्रश्न परीक्षेच्या बळावर आणि कुळाचा वृत्तांत नीट नोंदवून, हा प्रकार वेगळा काढला गेला. १९९६ मध्ये एससीए-२ चे जनुक सापडल्यावर भारतीय कुटुंबांच्या जनुकीय तपासणीतून त्या निरीक्षणाला दुजोरा मिळाला. ही परीक्षा आपल्यालाही करता येते. रुग्णासमोर दोन बाजूंना दोन बोटे धरावीत आणि मान न हलवता एका बोटाकडून दुसऱ्याकडे झटकन पाहावयास सांगावे. दृष्टी उडी न घेता सरपटत गेली, किंवा रुग्णाला त्यासाठी मान वळवावी लागली, तर या प्रकाराची शंका घ्यावी.

लहान मेंदू आणि बुद्धी

लहान मेंदू केवळ हालचालींचा समन्वय करतो, अशी धारणा दीर्घकाळ होती. गॉर्डन होम्स यांनी पहिल्या महायुद्धातील गोळी लागलेल्या सैनिकांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील गतिविषयक वर्णने आजही प्रमाण मानली जातात, आणि त्यांच्या प्रभावामुळे बुद्धीचा प्रश्न मागे पडला. वास्तविक लहान मेंदू वजनाने एकूण मेंदूच्या सुमारे एक दशांश असला, तरी मेंदूतील सुमारे ८० टक्के चेतापेशी त्यात असतात. त्याचे तंतू मोठ्या मेंदूच्या गतिक्षेत्राशी जसे जोडलेले आहेत, तसेच विचार व नियोजन करणाऱ्या पुढील भागाशीही जोडलेले आहेत.

१९९८ मध्ये बोस्टनचे जेरेमी श्माहमान व जॅनेट शेरमन यांनी, लहान मेंदूपुरता विकार असलेल्या २० रुग्णांचे निरीक्षण करून एक लक्षणसमूह वर्णिला. त्यात चार गोष्टींचा बिघाड दिसतो. पहिली कार्यनियोजन: कामांचा क्रम लावणे, एका कामावरून दुसऱ्यावर वळणे, मनात आकडे धरून हिशेब करणे. दुसरी अवकाशज्ञान: आकृती काढणे, जागा व अंतर यांचा मनात आराखडा धरणे. तिसरी भाषा: शब्द पटकन न सुचणे, वाक्यरचना तुटक होणे, बोलण्यातील चढउतार लोपणे. चौथी भावना: एकतर उदासीन, निर्विकार होणे, किंवा वयास न शोभणारे उतावळे व पोरकट वागणे. श्माहमान यांचा विचार असा की लहान मेंदू ज्या रीतीने हाताच्या हालचालीला माप देतो, त्याच रीतीने विचाराला व भावनेलाही देतो. माप चुकले की हात पेल्याच्या पुढे जातो. तसाच विचार प्रसंगाच्या अलीकडे राहतो किंवा पलीकडे जातो.

स्मृतिभ्रंशाहून याचा भेद ध्यानी घ्यावा. अल्झायमरच्या व्याधीत सकाळी घडलेली घटनाच पुसली जाते; आठवण करून दिली तरी ती परत येत नाही. येथे घटना मनात असते, पण हवी तेव्हा हाती लागत नाही. सूत्र दिले की आठवते. तासगाव भागातील एखादा द्राक्षबागायतदार कल्पावा. एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी त्याला पाठ असते. बागेतील कोणता वेल कधी लावला हेही तो सांगेल. परंतु छाटणीपासून दिवस मोजून फवारण्यांचा क्रम लावणे, मध्येच पाऊस आल्यास तो क्रम बदलणे, मजुरांचे व औषधांचे हिशेब एकाच वेळी सांभाळणे, हे त्याला जमेनासे होते. लोक म्हणतात, ‘सगळे येते, पण करत नाही.’ हा आळस नव्हे. ज्ञान शाबूत असून त्याची मांडणी करणारे यंत्र मंदावले आहे.

हा बिघाड सर्व प्रकारांत सारखा नसतो. एससीए-१ मध्ये कार्यनियोजनाचा बिघाड ठळक दिसतो. एससीए-२ व एससीए-३ मध्येही तो आढळतो, आणि एससीए-२ च्या काही रुग्णांत पुढे खरा स्मृतिभ्रंशही होतो. एससीए-३ मध्ये विषाद बराच आढळतो. एससीए-६ मध्ये बुद्धीवरील परिणाम तुलनेने सौम्य असतो. एससीए-१७ मध्ये मात्र स्मृतिभ्रंश व मानसिक लक्षणे इतकी प्रमुख असू शकतात की रुग्ण प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. फ्रीड्रिकच्या रुग्णांची बुद्धी सामान्यतः चांगली असते, पण उत्तरास वेळ लागतो. त्यांना मंदबुद्धी समजून शाळेतून काढणे हा घोर अन्याय होय. पन्नाशीनंतर कंप, असंतुलन व नियोजनदोष घेऊन येणाऱ्या आजोबांच्या मुलीला बौद्धिक वाढ खुंटलेला मुलगा असेल, तर फ्रॅजाइल एक्स या जनुकाशी निगडित, २००१ मध्ये वर्णिलेल्या विकाराचा विचार करावा. आजोबा आणि नातू वेगवेगळ्या दिवशी आपल्या दारी येतात. त्यांचा संबंध जोडणे कुटुंबाच्या वैद्यालाच शक्य असते.

आयुर्वेदीय विचार

या व्याधीस संहितांत एकच एक नाव शोधण्याचा अट्टहास नको. प्रत्येक विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लज्जित होऊ नये. दोष, अधिष्ठान व हेतू जाणून कर्म आरंभावे, असे चरकाचार्यांनी त्रिशोथीय अध्यायात सांगितलेच आहे. कलायखंजात चालू लागताना कंप व संधिबंधांची शिथिलता वर्णिली आहे. तिच्याशी साम्य दिसते, पण तादात्म्य मानता येत नाही.

अधिक उपयुक्त वाटते ते वायूच्या पाच प्रकारांचे वर्णन. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात मूर्धस्थ प्राणवायूकडे बुद्धी, इंद्रिये व चित्त यांचे धारण सोपवले आणि त्याच प्राणाकडे अन्न गिळण्याचे कर्मही दिले. उदानाकडे वाणीची प्रवृत्ती, प्रयत्न व स्मृती दिली, तर व्यानाकडे गती. चाल, वाणी, गिळणे, प्रयत्न, स्मृती व बुद्धी ही सर्व एका वायूच्याच आधिपत्याखाली असल्याने गती बिघडलेल्या रुग्णाच्या बुद्धीची व गिळण्याची विचारपूस न करणे हे आपल्याच शास्त्राला सोडून ठरते. मनाचे विषय म्हणून चरकांनी चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय व संकल्प्य अशी जी विभागणी केली, तिच्या आधारेही हा बिघाड मांडता येईल. या रुग्णांत चिंत्य बरेचसे टिकते; विचार्य व ऊह्य, म्हणजे तारतम्य व अटकळ, यांना आधी ढळ पोहोचते. अर्थात ही जुळणी लेखकाचे अनुमान आहे, संहितावचन नव्हे.

हेतूच्या बाबतीत शास्त्र स्पष्ट आहे. सुश्रुतांनी व्याधींच्या सात वर्गांत आदिबलप्रवृत्त हा पहिला वर्ग शुक्र-शोणितदोषांतून येणाऱ्या विकारांचा सांगितला. चरकांच्या शारीरस्थानात, ज्या अवयवाचा बीजभाग उपतप्त असेल त्याच अवयवाची विकृती होते आणि तो उपतप्त नसेल तर होत नाही, असा विचार आहे. रुग्णाची सर्वच मुले आजारी का होत नाहीत, या कुटुंबीयांच्या प्रश्नाला यातून समर्पक उत्तर देता येते.

परीक्षण

आधुनिक रुग्णालयांत प्रचलित असलेली ३० गुणांची चाचणी या रुग्णांत अनेकदा निर्दोष येते. कारण ती दिशा, काल व स्मृती यांवर भर देते. म्हणून श्माहमान यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दहा अंगांची स्वतंत्र मोजणी प्रसिद्ध केली. तिच्यातील कल्पना आपल्या परीक्षणात उतरवता येतात. एका मिनिटात ‘क’ ने सुरू होणारे शब्द सांगावयास लावावे; मग भाज्यांची नावे; मग एक भाजी व एक गाव असे आलटून पालटून. आकडे सांगून ते उलट क्रमाने म्हणवून घ्यावे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे महिने उलटे विचारावे. विळा व कोयता, विहीर व नदी यांत साम्य काय, असे विचारावे. पाच शब्द सांगून काही वेळाने ते पुन्हा विचारावे आणि न आठवल्यास सूत्र देऊन पाहावे. एकदा टिचकी वाजवल्यावर बोट उचलावे, दोनदा वाजवल्यास उचलू नये, असा खेळ करून उतावीळपणा तपासावा.

येथे दोन सावधगिरी हव्यात. जीभ जड असलेल्या रुग्णाने मिनिटात कमी शब्द सांगितले म्हणून बुद्धी मंद ठरत नाही. थरथरत्या हाताने काढलेली वाकडी आकृती अवकाशज्ञानाचा दोष सिद्ध करीत नाही. म्हणून किती शब्द आले यापेक्षा रुग्ण कोठे अडला, एकच शब्द पुन्हा आला का, नियम मोडला का, हे पाहावे. दुसरे असे की शिक्षणाचा परिणाम मोठा असतो. शाळेची पायरी न चढलेल्या रुग्णाला अक्षराने शब्द विचारण्यात अर्थ नाही. त्याला बाजाराचा हिशेब विचारावा. सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच करणे सर्वांत विश्वसनीय ठरते. विषाद, निद्रानाश व शामक औषधे यांनीही बुद्धी मंदावते. ती कारणे आधी दूर करावीत.

चिकित्साविचार

साध्यासाध्यतेत हे विकार याप्य मानावेत आणि ते कुटुंबास पहिल्याच टप्प्यात प्रामाणिकपणे सांगावे. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये १६ वर्षांवरील फ्रीड्रिकच्या रुग्णांसाठी ओमाव्हेलॉक्सोलोन या औषधास मान्यता मिळाली. ते व्याधीची गती मंदावते, व्याधी बरी करीत नाही. एससीएतील बौद्धिक बिघाडावर परिणाम सिद्ध झालेले औषध अद्याप कोणत्याही वैद्यकात नाही. नियमित समन्वय-व्यायामाने चाल व तोल सुधारतो, याला मात्र चांगला आधार आहे.

आयुर्वेदाच्या बाजूने बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील एक प्राथमिक अभ्यास २००९ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयजन्य अ‍ॅटॅक्सियाच्या दहा रुग्णांना धान्वंतर तैलाचा शिरोबस्ती व अभ्यंग, बाष्पस्वेद आणि आभ्यंतर औषधे देण्यात आली आणि यंत्राने मोजलेल्या संतुलनात सुधारणा दिसली. रुग्ण थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि बुद्धीचे मापन हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. तेव्हा त्यातून आशा घ्यावी, दावा करू नये. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी या चरकोक्त मेध्य रसायनांचा विचार बल व निद्रा पाहून करता येईल. पण या व्याधीत बुद्धी परत येईल असे आश्वासन देण्यास आज आधार नाही.

खरी अडचण औषधाच्या निवडीपेक्षा त्याच्या सेवनविधीत आहे. आपला एक नेहमीचा औषधपत्र डोळ्यांसमोर आणावा: सकाळी अनशापोटी घृत, जेवणापूर्वी काढा, जेवणानंतर मधातून चूर्ण, सायंकाळी दुसरे चूर्ण कोमट पाण्यातून, निजताना गुटी दुधासह, शिवाय पथ्याची यादी आणि ठरावीक दिवशी बस्ती. पाच काल, तीन अनुपाने आणि त्यांचा क्रम. ज्याचे कार्यनियोजनच ढासळले आहे त्याच्यापुढे आपण नेमके तेच काम ठेवतो, आणि महिन्याने अर्ध्या पुड्या परत आल्या की रुग्ण अपथ्यकर आहे अशी नोंद करतो. अशा रुग्णासाठी औषधे दोनच काळी असावीत, अनुपान एकच असावे आणि वेळ त्याच्या अंगवळणी पडलेल्या एखाद्या कामाशी, म्हणजे सकाळचा चहा किंवा रात्रीची दिवाबत्ती यांच्याशी, जोडावी. सूचना एका वेळी एक द्यावी व ती रुग्णाकडून वदवून घ्यावी. बदल करायचा झाल्यास एका भेटीत एकच करावा. घरातील एका निश्चित व्यक्तीवर जबाबदारी सोपवावी. पण बोलताना तोंड रुग्णाकडे असावे आणि उत्तरासाठी थांबण्याचा संयम वैद्यानेच प्रथम दाखवावा.

कर्मांच्या वेळीही काही दक्षता अपरिहार्य आहेत. अभ्यंगानंतर तळपाय पुसल्याशिवाय रुग्णाला फरशीवर उभे करू नये. एका घसरण्यात खुब्याचे हाड मोडते. गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णास पातळ काढा घाईने पाजू नये. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, थोडा थोडा आणि जमल्यास दाट करून द्यावा. अशा रुग्णांत वमन व नस्य टाळणेच श्रेयस्कर. फ्रीड्रिकच्या रुग्णांत हृद्रोग व मधुमेह आढळतात. तेथे तीव्र स्वेदन व गूळ-साखरयुक्त कल्प जपून द्यावेत. उभे राहताच रक्तदाब घसरणाऱ्या रुग्णांतही स्वेदन जोखमीचे असते. अकारण हसणे-रडणे व खरा विषाद यांत भेद करावा. जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवावे. शासनाची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

‘डोक्यासाठी व नसांसाठी’ म्हणून ग्राहक सारस्वतारिष्ट व अश्वगंधारिष्ट हमखास मागतात. आसवारिष्टांत संधानातून निर्माण झालेले मद्यार्क असते. समजा ते ८ टक्के आहे. तर २० मिलिलीटर मात्रेत १.६ मिलिलीटर मद्यार्क पोटात जाते. निरोगी माणसाला ते नगण्य आहे, परंतु मद्यार्काने ज्याचा तोल आधीच ढळतो आणि जो दिवसातून दोन-तीनदा ते घेतो, त्याच्यासाठी चूर्ण, घृत किंवा गुटीचा पर्याय वैद्यास सुचवणे योग्य. महाराष्ट्रात ब्राह्मी या नावाने पुष्कळदा मंडूकपर्णी विकली जाते, तर नीरब्राह्मी ही निराळी वनस्पती आहे. पाकिटावर वनस्पतीचे नेमके नाव पाहूनच द्यावे. कवचबीजात लेव्होडोपा हे द्रव्य असते, म्हणून कंपासाठी तेच आधुनिक औषध चालू असलेल्या रुग्णास ते परस्पर देऊ नये.

रसौषधींच्या बाबतीत विशेष काळजी हवी. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चेतासंस्था आधीच क्षीण असलेल्या रुग्णास अशी औषधे वैद्याच्या देखरेखीविना महिनोन्महिने पुरवणे सर्वथा अनुचित होय. तसेच १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मेंदूचे विकार आहेत आणि लोकोमोटर अ‍ॅटॅक्सिया हे नावही आहे. ‘तोल जाणे कायमचे बरे’ अशी पाटी दुकानावर लावणे हा केवळ अविवेक नसून कायद्याचा भंग आहे. उलट मोठ्या अक्षरांत ‘सकाळ’ व ‘रात्र’ लिहिलेल्या दोनच रंगांच्या पुड्या बांधून देणे हे विक्रेत्याच्या हातातील साधे साहाय्य आहे.

कुळाचा विचार

आपल्या भागात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत जुनी आहे. गोत्र वेगळे असल्याने तो विवाह निर्दोष समजला जातो. परंतु गोत्र पित्याकडून मोजले जाते, बीज दोघांकडून येते. आतेभाऊ व मामेबहीण यांचे आजी-आजोबा एकच असल्याने फ्रीड्रिकसारख्या विकाराचे सदोष जनुक दोघांतही असण्याचा संभव वाढतो. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराने पुढील सोयरिकीपूर्वी जनुकीय समुपदेशन घ्यावे, हे सांगण्याचा अधिकार व विश्वास कुटुंबाच्या वैद्याकडे असतो. मात्र निरोगी मुलामुलींची जनुक तपासणी घाईने करवू नये. लक्षणे नसलेल्या अज्ञान बालकाची तपासणी करू नये आणि सज्ञान व्यक्तीचीही तिच्या स्वेच्छेने, समुपदेशनानंतरच व्हावी; निकाल तिच्या मालकीचा, सोयऱ्यांच्या चर्चेचा नव्हे.

दुसरी गोष्ट संपत्तीची. थरथरत्या हाताची सही बँकेत जुळत नाही, बोलणे कळत नाही, उत्तरास वेळ लागतो. एवढ्यावरून ‘याला काही कळत नाही’ असे ठरवून बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जाण्याचा धोका असतो. नियोजन मंदावणे म्हणजे समज नष्ट होणे नव्हे. ‘जमीन कोणाला द्यावी’ या एकाच प्रश्नाचे उत्तर शांतपणे, वेगवेगळ्या दिवशी विचारल्यावर रुग्ण तेच व सकारण देत असेल, तर त्याची इच्छा प्रमाण मानली पाहिजे. अशा प्रसंगी वैद्याची दिनांकित नोंदवही रुग्णाचा मोठा आधार ठरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यात चलनवलनविषयक दिव्यांगता व चिरकालीन चेताविकार यांचा समावेश आहे; प्रमाणपत्रासाठी रुग्णाला जिल्हा रुग्णालयाकडे वेळेवर पाठवावे.

उपसंहार

याप्य व्याधीत वैद्याचे काम, पडू पाहणाऱ्या घराला टेकू द्यावा तसे असते. अ‍ॅटॅक्सियाच्या रुग्णाची चाल आपण पहिल्या दिवशी पाहतो. त्याच्या विचाराची चाल पाहावयाची तर प्रश्न विचारून थांबावे लागते. तेव्हा वैद्यबांधवांनी आपल्या नोंदवहीतील अशा प्रत्येक रुग्णाबाबत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कार्यनियोजनाची स्थिती, गिळण्याची स्थिती आणि तीन पिढ्यांची वंशावळ. आणि पुढच्या भेटीस औषधपत्र लिहिण्यापूर्वी स्वतःलाच एक प्रश्न करावा, की हे सर्व त्याच्याच्याने निभेल काय? उत्तर नकारार्थी आले, तर बदल औषधपत्रात करावा.